मानेतले दोन मिलिमीटर
प्रस्तावना

ज्यांची मान वर्षानुवर्षे दुखते, त्यांच्या घरात एक फाइल असते. एक्स-रेची पाकिटे, एमआरआयच्या फिल्म, चार-पाच डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आणि एका रिपोर्टात कोणीतरी पेनाने अधोरेखित केलेली ओळ: सी-५ आणि सी-६ या मणक्यांमधली चकती फुगली असून पुढच्या बाजूची एपिड्युरल जागा तिने व्यापली आहे. ही ओळ घरातले सगळे वाचतात. कोणी म्हणते गादी सरकली, कोणी म्हणते नस दबली. कोणी पट्टा लावायला सांगते, कोणी उशी काढून टाकायला. एकाच्या मेहुण्याला मणक्यातल्या इंजेक्शनाने आराम पडलेला असतो, दुसऱ्याच्या ओळखीत त्याच इंजेक्शनानंतर कोणाचे तरी फार वाईट झालेले असते. ज्याची मान दुखते तो सगळ्यांचे ऐकून घेतो आणि निर्णयाची वेळ आली की एकटा पडतो.

त्या माणसासाठी हे पुस्तक लिहिले आहे. त्याच्या घरच्यांसाठी आहे, आणि त्याला सर्वांत आधी तपासणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठीही. २०२० साली जगभरात सुमारे २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा २७ कोटींच्या आसपास जाईल, असा आंतरराष्ट्रीय अभ्यासकांचा अंदाज आहे. मानदुखीने जीव जात नाही, पण झोप जाते, काम सुटते, स्वभाव चिडचिडा होतो, आणि रिपोर्टात 'विशेष काही नाही' असे आले तर जवळच्यांचा विश्वासही उडू लागतो. अशा दुखण्याबद्दल खरे काय ते सोप्या मराठीत सांगणे हे मी कर्तव्य मानते.

सुरुवात त्या अधोरेखित ओळीतल्या जागेपासून करायला हवी. मणक्यांच्या नळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. त्याच्याभोवती तीन आवरणे असतात आणि सर्वांत बाहेरचे, जाड आवरण म्हणजे ड्युरा. ड्युराच्या बाहेर आणि नळीच्या भिंतीच्या आत जी फट उरते, ती एपिड्युरल जागा. कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या छिद्रापासून ती सुरू होते आणि त्रिकास्थीच्या खालच्या टोकाशी संपते. तिच्यात चरबी असते, झडपा नसलेल्या शिरांचे दाट जाळे असते, आणि हाताकडे किंवा पायाकडे निघालेली चेतामुळे तिच्यातूनच बाहेर पडतात. बाळंतपणाच्या कळा कमी करण्यासाठी पाठीत जे इंजेक्शन देतात, तेही याच जागेत. त्यामुळे तिचे नाव आता पुष्कळ घरांत माहीत झाले आहे.

पण कमरेतली एपिड्युरल जागा आणि मानेतली एपिड्युरल जागा यांत मोठा फरक आहे. कमरेत मागच्या बाजूला मध्यरेषेवर ती पाच-सहा मिलिमीटर खोल असते आणि मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. मानेच्या तळाशी, म्हणजे सातवा मणका आणि छातीचा पहिला मणका यांच्यामध्ये, ती जेमतेम दोन मिलिमीटर भरते. त्याच्या वर ती आणखी अरुंद होत जाते, आणि ड्युराच्या पलीकडे लगेच मज्जारज्जू असतो. मानेच्या उपचारातली बरीचशी आशा आणि बरीचशी भीती या दोन मिलिमीटरांतून आलेली आहे.

या जागेपर्यंत वैद्यक पोचले ते वेदनेच्याच मागावर. १९०१ साली पॅरिसमध्ये झां सिकार आणि फेर्नां काथलँ या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्रिकास्थीच्या खालच्या छिद्रातून औषध वर सोडले. सिकार यांचे रुग्ण कंबरदुखी आणि सायटिकाचे होते. १९२१ मध्ये स्पेनचे लष्करी सर्जन फिदेल पाहेस यांनी कमरेतून आणि छातीच्या पातळीवरून याच जागेत भूल देऊन केलेल्या ४३ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी ते अपघातात गेले आणि स्पॅनिशमधला त्यांचा लेख बाहेर फारसा कोणी वाचला नाही. दहा वर्षांनी इटलीच्या आकिले दोलिओत्ती यांनी तीच वाट पुन्हा शोधली आणि जगभर शिकवली.

दोलिओत्तींनी रूढ केलेली खूण आजही भूलतज्ज्ञ वापरतात. सुई त्वचेतून, मग मणक्यांच्या काट्यांमधल्या बंधांतून पुढे सरकत असते. तिला जोडलेल्या सिरिंजमध्ये सलाइन किंवा हवा असते आणि डॉक्टरांचा अंगठा दट्ट्यावर असतो. दट्ट्या दाबला जात नाही, कारण टोक घट्ट ऊतीत आहे. मग सुई लिगामेंटम फ्लेव्हम या पिवळसर, चिवट बंधात शिरते आणि विरोध आणखी वाढतो. त्यानंतर केसभर पुढे जाताच विरोध एकदम संपतो आणि दट्ट्या सहज आत जातो. सुई एपिड्युरल जागेत पोचल्याची ही खूण. एक अख्खी विद्याशाखा अंगठ्याला जाणवणाऱ्या या एका फरकावर उभी राहिली.

ही जागा आतून प्रत्यक्षात कशी दिसते, हे मात्र बराच काळ नीट कळले नव्हते, आणि त्याचे कारण पाहण्याच्या पद्धतीतच होते. अभ्यासक मृतदेहात रंग किंवा राळ भरत, किंवा मणक्यांची कमान कापून काढत, आणि मग आत डोकावत. भरलेल्या द्रवाने भिंती दूर सारल्या जात आणि समोर एकसंध पोकळी दिसे. अमेरिकेत विस्कॉन्सिनचे भूलतज्ज्ञ क्विन होगन यांनी १९९१ मध्ये वेगळी वाट घेतली. त्यांनी मृतदेह गोठवले, आत काहीही न भरता त्यांचे पातळ थर तासत नेले आणि प्रत्येक थरानंतर उघडा पडलेला पृष्ठभाग पाहिला. ती सलग पोकळी नाहीशी झाली. चरबी तुकड्यातुकड्यांत होती आणि मधल्या भागात ड्युरा सरळ नळीच्या भिंतीला टेकलेला होता. नव्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन्ही बाजू उघडेपर्यंत एकमेकींना चिकटून असतात, तशी ही जागा बऱ्याच ठिकाणी मिटलेली असते. औषध गेले की ती उघडते. १९९६ मध्ये त्यांनी वय, आजार आणि पातळी यांनुसार होणारे फरक मांडले आणि मानेत मागच्या बाजूला चरबी जवळजवळ नसतेच हे दाखवले.

२००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या संशोधकांनी अंगठ्याच्या त्या खुणेबद्दलच शंका घ्यावी असे काही दाखवले. लिगामेंटम फ्लेव्हमचे उजवे आणि डावे असे दोन पदर असतात आणि ते मध्यरेषेवर एकमेकांना जुळतात, असे धरून चालत. मानेच्या खालच्या पातळ्यांवर, तपासलेल्या देहांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक देहांत ते मध्यभागी जुळलेलेच नव्हते. म्हणजे सुई मध्यरेषेतून गेली तर जो विरोध आधी वाढून मग संपायला हवा, तो मुळात वाढतच नाही. मानेत केवळ बोटांच्या अंदाजावर सुई घालू नये, सी-आर्म यंत्राच्या चित्रात पाहत, रंगद्रव्य सोडून खात्री करूनच पुढे जावे, हा आग्रह या शरीररचनेतून आला आहे. ज्यांनी देहदान केले त्यांच्यामुळे हे कळले. पुढे मानेत सुई घेणारा प्रत्येक रुग्ण त्यांचा ऋणी आहे.

या दोन अभ्यासांतून जी शिस्त दिसते, तीच या पुस्तकाचा कणा आहे. मानदुखीबद्दल आज जे खात्रीने सांगता येते, ते बहुतेक सगळे तुलनेतून हाती आले आहे: भरलेल्या जागेशेजारी न भरलेली, दुखणाऱ्या मानेशेजारी न दुखणारी, औषधाच्या इंजेक्शनाशेजारी औषध नसलेले. जिथे तुलना झाली नाही, तिथे दहा-दहा वर्षे आपण स्वतःची समजूत घालत राहिलो.

एमआरआयचेच पाहा. १९९० मध्ये स्कॉट बोडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेची कसलीही तक्रार नसलेल्या ६३ माणसांचे एमआरआय काढले. चाळिशीच्या आतल्या १४ टक्के आणि चाळिशीपुढच्या २८ टक्के लोकांच्या चित्रात ठळक बिघाड निघाला. चकती झिजलेली किंवा अरुंद झालेली असणे तर चाळिशीपुढे जवळपास साठ टक्क्यांत होते. २०१५ मध्ये जपानमधून १२११ तक्रारमुक्त लोकांचा अभ्यास आला. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांची निदान एक तरी चकती फुगलेली होती. यांपैकी कोणाचीच मान दुखत नव्हती. फाइलमधली ती ओळ खोटी नसते. पण ती एकटी काहीच सिद्ध करत नाही. लक्षणे, तपासणी आणि चित्र या तिन्ही गोष्टी एकाच चेतामुळाकडे बोट दाखवत असतील, तेव्हाच तिला वजन येते.

मोबाइलमुळे मान मोडते, या सध्याच्या बोलबाल्यालाही हीच कसोटी लावावी. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सर्जननी मांडले की मान ६० अंशांत झुकवली तर तिच्यावर सुमारे २७ किलोंचा भार पडतो. हा आकडा जगभर छापला गेला. तो संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला होता. भार वाढतो हे खरे, पण भार वाढला म्हणजे दुखणे आलेच, हे त्या गणिताने दाखवलेले नाही.

मानेतून खांद्यावर, दंडातून बोटांपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात, तो प्रकार वेगळा. १९३४ मध्ये विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी फाटलेली चकती चेतामुळावर दाब देते हे मांडले, आणि पुढे कितीतरी वर्षे दाब हेच एकमेव उत्तर मानले गेले. १९९३ मध्ये स्वीडनमध्ये शेल ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी डुकरांवर प्रयोग केला. त्याच प्राण्याच्या चकतीतला मऊ गर काढून त्यांनी तो एपिड्युरल जागेत, चेतामुळांवर, दाब न देता नुसता ठेवला. तुलनेसाठी दुसऱ्या प्राण्यांत त्या जागी चरबी ठेवली. गर लागलेल्या चेतामुळांचा वेग मंदावला आणि त्यांच्यात इजा दिसली. म्हणजे चकतीचा गर दाबतो तसा तो रासायनिक दाहही पेटवतो. एपिड्युरल जागेत स्टिरॉइड सोडण्याची पद्धत इटली आणि फ्रान्समध्ये १९५२-५३ पासून सुरू झाली होती. तिला पटण्याजोगे कारण या प्रयोगाने मिळाले.

या प्रकाराबद्दलची सर्वांत दिलासा देणारी माहिती मात्र कोणत्याही इंजेक्शनातून आलेली नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावात १९७६ ते १९९० या काळात मानेतल्या चेतामुळाचा त्रास झालेल्या ५६१ रुग्णांचा मागोवा के. राधाकृष्णन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडला. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली होती. शेवटच्या तपासणीच्या वेळी सगळ्यांपैकी ९० टक्के लोकांना त्रास नव्हता, किंवा किरकोळ उरला होता. हाताची कळ असह्य असते आणि तेव्हा 'थांबा' हा शब्द ऐकवत नाही, हे मला मान्य आहे. तरी थांबण्यात काय मिळण्याची शक्यता आहे, हे रुग्णाला कोणी आधी सांगायला हवे.

कळ हातात न जाता मानेतच ठाण मांडून बसते, तेव्हा उगम बऱ्याचदा एपिड्युरल जागेच्या बाहेर असतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये निकोलाय बोगडुक यांच्या गटाने यावर फार चोख काम केले. मणक्यांच्या मागच्या बाजूला असलेल्या छोट्या फॅसेट सांध्यांकडे त्यांचे लक्ष होते. १९९४ मध्ये त्यांनी अपघातानंतर मान दुखत राहिलेल्या ४१ रुग्णांच्या सांध्यांत काहींना स्टिरॉइड आणि काहींना फक्त बधिरीचे औषध दिले. निम्मे दुखणे परत यायला एका गटात सरासरीने तीन दिवस लागले आणि दुसऱ्यात साडेतीन. स्टिरॉइडचा काहीच उपयोग नव्हता. दोन वर्षांनी त्यांनी २४ रुग्ण निवडले. बाराजणांच्या त्या सांध्यांच्या बारीक चेता ८० अंशांना तापवल्या. उरलेल्या बाराजणांतही सुई तशीच घातली, पण तापमान ३७ अंशांवरच ठेवले. निम्मे दुखणे परतायला पहिल्या गटात २६३ दिवस लागले आणि दुसऱ्यात आठ. एकाच गटाच्या हातून एक उपचार निकालात निघाला आणि दुसरा उभा राहिला. प्रामाणिक संशोधन कसे असते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मान आणि डोकेदुखी यांच्या नात्याला १९९५ मध्ये एक नवा धागा मिळाला. बाल्टिमोरमध्ये गॅरी हॅक आणि सहकाऱ्यांनी कवटीच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान स्नायूपासून निघालेला संयोजी ऊतीचा पूल दाखवला. कवटी आणि पहिला मणका यांच्यामधल्या फटीतून, एपिड्युरल जागा ओलांडून, तो थेट ड्युराला जाऊन मिळतो. वेदना जाणवणाऱ्या आवरणाशी मानेचा स्नायू शरीरानेच बांधलेला निघाला. डोके मागे नेताना ड्युराला घडी पडू नये म्हणून हा पूल असावा, ताठरलेल्या मानेपासून येणाऱ्या डोकेदुखीत त्याचा वाटा असावा, अशा मांडण्या पुढे आल्या. त्या अजून मांडण्याच आहेत. पूल मात्र खरा आहे. हा फरक या पुस्तकात जागोजागी पाळला आहे.

इंजेक्शनाबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. हातात जाणाऱ्या कळेत, निवडक रुग्णांना, काही आठवडे ते काही महिने आराम मिळू शकतो. मूळ झीज त्याने भरून येत नाही. औषधापेक्षा कृतीचाच परिणाम किती, हा प्रश्नही उरतोच. कमरेच्या अरुंद नळीचे ४०० रुग्ण घेऊन अमेरिकेत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, स्टिरॉइड मिसळलेले इंजेक्शन नुसत्या बधिरीच्या इंजेक्शनापेक्षा सहा आठवड्यांनी फारसे सरस ठरले नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी इशारा दिला: एपिड्युरल स्टिरॉइडनंतर क्वचित, पण गंभीर इजा होतात, त्यांत दृष्टी जाणे, पक्षाघात आणि मृत्यूही आहेत. २०१५ मध्ये तज्ज्ञांनी सुरक्षिततेचे नियम मांडले. मानेत मागून सुई घालायची तर सातव्या मणक्याखालची पातळी निवडावी, सहा-सातच्या वर जाऊ नये. आधीचा एमआरआय पाहून त्या पातळीवर जागा शिल्लक आहे याची खात्री करावी. बाजूच्या छिद्रातून औषध सोडताना कण असलेले स्टिरॉइड वापरू नये, कारण ते कण मज्जारज्जूकडे जाणारी धमनी बुजवू शकतात.

सुई अचूक असूनही घात होऊ शकतो, हे २०१२ मध्ये अमेरिकेने पाहिले. मॅसॅच्युसेट्समधल्या एका औषधनिर्मिती केंद्रातून गेलेल्या स्टिरॉइडच्या कुप्यांत बुरशी होती. २० राज्यांत ७५३ जण आजारी पडले आणि ६४ जण दगावले. त्यांतले बरेचजण पाठ किंवा मान थोडी हलकी व्हावी एवढ्यासाठीच गेले होते. म्हणून औषध कोणते, कोणत्या कंपनीचे, कुपी सीलबंद आहे का, हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

जुनाट दुखणे फक्त मानेत राहत नाही. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की इजेनंतर मज्जारज्जूतल्या चेतापेशी स्वतःच जास्त संवेदनशील होतात आणि साध्या स्पर्शालाही जोरात प्रतिसाद देतात. चित्रात काही न सापडलेल्या रुग्णाची वेदना खरी असते, याला इथे आधार मिळतो. त्याला 'मनाचे खेळ' म्हणून घरी पाठवणे हे विज्ञानालाही धरून नाही आणि माणुसकीलाही नाही. अशा मानेला हळूहळू, नेमाने वाढवलेल्या व्यायामाचा उपयोग होतो. फिनलंडमध्ये कार्यालयात काम करणाऱ्या १८० स्त्रियांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रबरी पट्ट्याने ताकद वाढवणाऱ्या आणि पडून डोके उचलण्याचा सराव करणाऱ्या अशा दोन्ही गटांचे दुखणे वर्षभराने स्पष्टपणे कमी झाले. ज्यांना चालण्याफिरण्यासारखा व्यायाम आणि स्ट्रेचिंग एवढेच सुचवले होते, त्यांच्यापेक्षा हा फायदा बराच मोठा होता. हा उपचार स्वस्त आहे, आणि मेहनतीचा आहे म्हणूनच मागे पडतो.

पुस्तकाचे चार भाग आहेत: रचना, इतिहास, पुरावा आणि निर्णय. ज्यांना आज त्रास आहे त्यांनी शेवटच्या भागापासून वाचायला हरकत नाही. मात्र काही लक्षणांत पुस्तक बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत: शर्टाची बटणे लावताना हात चुकू लागणे, चालताना तोल जाणे, हातापायांतली ताकद कमी होणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, मानदुखीबरोबर ताप येणे, कारणाशिवाय वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखू लागणे. इथे वाट पाहण्याचा सल्ला लागू होत नाही.

बाकी सगळ्यांनी उपचार ठरवण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात, एवढीच माझी विनंती आहे. दुखणे नेमके कुठून येते असे तुम्हाला वाटते, आणि ते कशावरून? काही न करता सहा आठवडे थांबलो तर काय होण्याची शक्यता आहे? उपचाराचा फायदा झाला की नाही, हे आपण दोघांनी कधी आणि कोणत्या खुणेवरून ठरवायचे? होगन यांनी गोठवलेल्या थरांना, बोडेन यांनी न दुखणाऱ्या मानांना आणि न्यूकॅसलच्या गटाने ३७ अंशांवरच्या सुईला हेच विचारले होते. शास्त्रज्ञांनी विचारलेले प्रश्न विचारण्याचा हक्क रुग्णालाही आहे. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी दुखावत नाही, उलट खुर्ची पुढे ओढून बसतो. पुढची पाने वाचून हे तीन प्रश्न न घाबरता विचारता आले, तर पुस्तकाचे काम झाले असे मी समजेन.